उपाशी मातीतला शिकारी

[दृश्य: पांढरा कागद. मधोमध चिमूटभर काळी पूड, शेजारी सुईचं टोक.]

या कागदावर दोनेकशे झाडं आहेत. कुणाला शिंक आली, तर सगळी जातील.

ही ड्रॉसेरा कॅपेन्सिसची बी. ड्रॉसेरा म्हणजे दवबिंदू, पानांवरच्या चिकट थेंबांनी किडे धरणारी वनस्पती. एकेक बी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची, दोन्ही टोकांना निमुळती. मक्याच्या किंवा वालाच्या दाण्यात कोंबाला पहिले काही दिवस पुरेल एवढी शिदोरी असते. इथे ती नावालाच आहे. कोंब बाहेर पडला की त्याला लगेच उजेड लागतो. म्हणून दवबिंदूची बी मातीत पुरायची नाही. ओल्या पृष्ठभागावर भुरभुरायची आणि हात मागे घ्यायचा. दाबायचं नाही, झाकायचं नाही, वरून झारीनं पाणी तर अजिबात घालायचं नाही. एका धारेसरशी सगळ्या बिया कुंडीच्या कडेला जाऊन बसतात.

हात मागे घेणं हे या झाडाच्या बाबतीत पुन्हा पुन्हा करावं लागतं. घरी लावलेला दवबिंदू मरतो, तो बहुतेक वेळा लाडानं मरतो.

[दृश्य: दलदलीचा उघडा माळ. गवताच्या बुंध्याशी तांबूस ठिपके. जवळ गेल्यावर ती पानं आहेत हे कळतं.]

दवबिंदूच्या दोनशेहून जास्त जाती आहेत. अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर त्या सापडतात, सर्वांत जास्त ऑस्ट्रेलियात. कॅपेन्सिस मूळची दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातली. बर्मानी ही जात भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेली. रोटुंडिफोलिया उत्तर गोलार्धातल्या थंड दलदलींत वाढते. हवामान वेगळं, पानांचे आकार वेगळे, पण पायाखालची जमीन जवळपास सगळीकडे एकाच जातकुळीची: ओली, आम्लधर्मी आणि कंगाल. सतत मुरणाऱ्या पाण्यानं तिच्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस वाहून गेलेला असतो. इतर झाडं जिथे तग धरत नाहीत, तिथे दवबिंदूला गर्दीशिवाय भरपूर ऊन मिळतं. अन्न तो इतर हिरव्या झाडांसारखं उन्हातच तयार करतो. किड्यांकडून त्याला हवे असतात ते जमिनीत न मिळणारे क्षार.

हे काम पानं करतात. मुळांना खताची सवयच नाही. शेणखत, गांडूळखत, बागेतली काळीभोर माती, ज्या ज्या गोष्टींनी गुलाब खूश होतो, त्यांनी दवबिंदूची मुळं करपतात.

[दृश्य: दोन वाडग्यांत तपकिरी पीट आणि पांढरं परलाइट. हात ते मिसळतात.]

मग कुंडीत घालायचं काय? अर्धं पीट मॉस, म्हणजे दलदलीतल्या वनस्पतींचा अर्धवट कुजलेला थर, आणि अर्धं परलाइट, म्हणजे भाजून फुगवलेले हलके पांढरे खडे, किंवा धुतलेली सिलिका वाळू. पीटच्या पिशवीवर खत मिसळल्याचा उल्लेख असेल, तर ती पिशवी परत ठेवा. कोकोपीटमध्ये मीठ राहिलेलं असतं. ते पुन्हा पुन्हा भिजवून, पिळून, धुऊन वापरणारे लोक आहेत, पण बी रुजवण्यासाठी मी ती जोखीम सुचवणार नाही. समुद्राची वाळू नको, चुनखडीची तर नकोच.

पीटबद्दल एक खटकणारी गोष्ट इथे सांगायला हवी. पीट खणून काढलं जातं ते दलदलींतून, म्हणजे रोटुंडिफोलियासारख्या दवबिंदूंच्या घरातून. हजारो वर्षांत साठलेला तो थर आहे. आपल्याला एका लहान कुंडीपुरतं मूठ-दोन मूठ लागतं, हे खरं. तरी ज्यांना लागवड केलेलं स्फॅग्नम मॉस, म्हणजे दलदलीत वाढणारी मऊ, शेवाळासारखी वनस्पती, मिळतं, त्यांनी ते बारीक कातरून वापरावं. बिया त्यावरही रुजतात. फक्त मॉस जिवंत असेल तर ते रोपांपेक्षा भराभर वाढतं आणि त्यांना गिळून टाकतं, तेव्हा मेलेलं, सुकवलेलं मॉस बरं.

पाणी पावसाचं, डिस्टिल्ड किंवा चांगल्या आरओ यंत्राचं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर असेल तर आकडा ५० पीपीएमच्या खाली हवा. नळाच्या पाण्यातले क्षार पहिल्या दिवशी काहीच करत नाहीत. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, थरावर थर चढतो, आणि दोन-तीन महिन्यांनी झाड का कोमेजलं याचा पत्ता लागत नाही. फिल्टर केलेलं किंवा उकळलेलं पाणी म्हणजे क्षार नसलेलं पाणी नव्हे. उकळल्यावर जंतू मरतात, विरघळलेले बहुतेक क्षार तिथेच राहतात.

कुंडी पसरट ताटलीत ठेवा आणि ताटलीत एक-दोन सेंटिमीटर पाणी राहू द्या. पाणी खालून वर चढेल. तोंडावर पारदर्शक प्लास्टिक ताणा म्हणजे ओल टिकेल. मग भरपूर उजेड. थेट कडक उन्हात मात्र नको, झाकलेली कुंडी उन्हात तापते आणि बिया शिजतात. एलईडी दिवा वापरणारे तो रोज चौदा ते सोळा तास चालू ठेवतात. तापमान वीस ते तीस अंशांच्या आसपास.

[दृश्य: कुंडीचा पृष्ठभाग, वरून. दिवसामागून दिवस जलद सरकतात. काहीच घडत नाही.]

आता दोन ते सहा आठवडे. यात दाखवण्यासारखं काही नाही.

[दृश्य: भिंगातून. पीटच्या कणांमध्ये हिरवा ठिपका.]

हा ठिपका म्हणजे दोन बीजदलं. साधी, गुळगुळीत, शिकारीचा मागमूस नसलेली. ही पानं बघून हे तण आहे की दवबिंदू, हे नवख्याला सांगता येणार नाही. थांबा, उपटू नका. काही दिवसांनी मधोमध पहिलं खरं पान उलगडतं. त्याचं चकतीसारखं टोक मिलिमीटरभरही रुंद नसतं, पण कडेनं मोजके तंतू उभे आहेत आणि प्रत्येकाच्या डोक्यावर चमकणारा थेंब. बोटाच्या नखावर अशी चार-पाच रोपं मावतील आणि तरी त्यांची शिकार सुरू झालेली असते. त्या मापाचं सावज मातीत भरपूर आहे: स्प्रिंगटेल नावाचे उड्या मारणारे सूक्ष्म किडे, चिलटांच्या अगदी बारीक अळ्या.

[दृश्य: मोठं पान. एक चिलट थेंबाला चिकटतं, धडपडतं. शेजारचे तंतू त्याच्याकडे झुकू लागतात.]

चिकट द्रव, आम्ल आणि शिकार पचवणारी विकरं (एन्झाइम) हे सगळं एकाच ठिकाणी, तंतूच्या डोक्यावरच्या ग्रंथीत तयार होतं. किडा धडपडला की त्या तंतूतून विद्युत संकेत धावतो आणि तंतू आत वळतो. शिकार पचण्याजोगी असेल तर शेजारचेही येऊन मिळतात. कॅपेन्सिसचं लांबट पान तासाभरात किंवा काही तासांत किड्याभोवती दुमडतं. बर्मानीचे कडेचे तंतू काही सेकंदांत वळतात. आणि ऑस्ट्रेलियातल्या ग्लँड्युलिगेराचे कडेचे तंतू तर किड्याला उचलून पानाच्या मध्यावर भिरकावतात. डोळ्याची पापणी लवते त्याहूनही कमी वेळात.

१८६० च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या ससेक्सच्या माळावर चार्ल्स डार्विनला रोटुंडिफोलियाच्या पानांवर अडकलेले इतके किडे दिसले, की तो ती रोपं घरी घेऊन आला. उत्क्रांतीवरचं त्याचं गाजलेलं पुस्तक निघून वर्षही झालं नव्हतं, जगभर वाद पेटला होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये त्यानं भूवैज्ञानिक चार्ल्स लायेलला लिहिलं, की या घडीला मला जगातल्या सगळ्या प्रजातींच्या उगमापेक्षा ड्रॉसेराची फिकीर जास्त आहे.

पानांना तो एकेक गोष्ट खाऊ घालून बघत होता. दूध, अंड्याचा पांढरा भाग, मांसाचा रस टाकला की तंतू वळत. साखरेचं पाणी, डिंक, ऑलिव्ह तेल, चहा टाकला की ढिम्म. ज्यात नायट्रोजन आहे ते पान ओळखत होतं. मग त्यानं माणसाच्या केसाचा एक तुकडा ग्रंथीवर ठेवला. तुकड्याचं वजन होतं ०.०००८२२ मिलिग्रॅम, म्हणजे एका मिलिग्रॅमचा हजारावा भागही नाही. तंतू वळला. त्याउलट पावसाचे टपोरे थेंब पडले तरी पान स्वस्थ राहतं. दलदलीत राहणाऱ्या झाडानं प्रत्येक सरीला दचकून चालणार नाही.

तेव्हा स्प्रेनं पाणी मारलं म्हणून पान मिटणार नाही, पण चिकट द्रव धुतला जाईल. रोपावर थेट फवारू नका.

[दृश्य: टूथपिकच्या ओल्या टोकावर तपकिरी पूड. ते टोक एका इवल्या पानाला टेकतं.]

खायला घालावं का, हा प्रश्न डार्विनच्या काळातही होता. किडे पचवून झाडाचा खरंच फायदा होतो का, याबद्दल शंका घेणारे होते. १८७८ मध्ये डार्विनचा मुलगा फ्रान्सिस यानं तुलना करून दाखवली. रोपांचे दोन गट केले, एकाला भाजलेल्या मांसाचे बारीक तुकडे दिले, दुसरा उपाशी ठेवला. दोन्ही गट जगले. पण खाल्लेल्या रोपांना बोंडं जास्त आली आणि बियांचं एकूण वजन उपाशी गटाच्या कितीतरी पट भरलं.

आपल्या कुंडीत हा फरक फार लवकर दिसतो. बंद खोलीतल्या, न भरवलेल्या रोपांची वाढ महिनोन्महिने खुंटून राहते. माशांना घालायचं सुकं खाद्य किंवा सुकवलेले ब्लडवर्म (माशांना घालतात त्या लाल अळ्या) अगदी पिठासारखे कुटा, ओल्या टूथपिकवर कणभर घ्या आणि पानाला टेकवा. कणभर म्हणजे खरंच कणभर. जास्त झालं तर पचण्याआधी बुरशी धरते आणि पान काळं पडतं. आठवड्या-दोन आठवड्यांनी एकदा पुरे. स्वयंपाकघरातलं काही नको. आणि पाहुण्यांना गंमत म्हणून पानाला बोट लावू देऊ नका. पान वळायला शक्ती खर्च करतं आणि हाती काही लागत नाही.

[दृश्य: कुंडीवर हिरवट थर. वर दोन काळी चिलटं घिरट्या घालतात.]

अडचणी येतात त्या बहुतेक झाकणामुळे. ओल, ऊब आणि कोंडलेली हवा बुरशीलाही तितकीच आवडते. पांढरं जाळं दिसलं की प्लास्टिकला भोकं पाडा. शेवाळ धरलं तर ताटलीतलं पाणी कमी करा. चिलटांच्या मोठ्या अळ्या रोपांची मुळं खातात. त्यांच्यासाठी पिवळा चिकट कागद किंवा अळ्या मारणाऱ्या बीटीआय जिवाणूची पूड पाण्यातून. मावा पडला तर मोठं झालेलं रोप कुंडीसकट दिवस-दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवायचं. ऐकायला क्रूर वाटतं, पण मावा मरतो आणि दलदलीतल्या झाडाला ते सोसतं.

रोपं सेंटिमीटरभर झाली की झाकण हळूहळू काढायचं, आठवडा-दोन आठवडे घेऊन. एकदम काढलं तर थेंब सुकतात. सुकले तरी घाबरू नका, नव्या पानांवर येतील. पान हिरवं, लांबुडकं आणि कोरडं राहत असेल तर उजेड कमी पडतोय. पुरेशा उजेडात बहुतेक जातींचे तंतू लाल होतात. दाटीतली रोपं हलवताना मुळाभोवतीचं कुंडीतलं मिश्रण चमच्यानं तसंच उचला.

डासांसाठी म्हणून कुणी हे झाड आणत असेल, तर मच्छरदाणी जास्त कामाची आहे.

रोटुंडिफोलियासारख्या थंड प्रदेशातल्या जातींच्या बिया वरच्या पद्धतीनं रुजत नाहीत. त्यांना आधी हिवाळा दाखवावा लागतो. ओलसर मॉसवर किंवा कागदावर ठेवून, पिशवीत बंद करून, चार ते आठ आठवडे फ्रिजमध्ये चार अंशांच्या आसपास. बर्फाच्या कप्प्यात नाही. पहिल्यांदाच पेरणार असाल तर कॅपेन्सिस, स्पॅट्युलाटा किंवा बर्मानी घ्या. आणि ज्यांनी स्वतःच्या कुंडीतून बी काढलंय अशांकडून घ्या. रानातून उपटून आणलेलं झाड घरी बहुधा जगत नाही, आणि रानातलं कमी होतं ते होतंच.

[दृश्य: पानांच्या वर उंच गेलेला दांडा. सर्वांत खालचं गुलाबी फूल उमलतं.]

नीट खाल्लेली कॅपेन्सिस वर्षभरात फुलते. दांड्यावर कळ्यांची रांग, खालून वर, एका वेळी एखाद-दुसरं फूल, तेही ऊन असेपर्यंतच. परागीभवनासाठी किडा लागत नाही. फूल मिटताना स्वतःचं स्वतःच उरकतं. काही आठवड्यांत बोंडं काळपट होतात. दांडा कापून घडी घातलेल्या कागदावर टिचकी मारा, एकेका दांड्यातून शेकडो बिया पडतील. कागदाच्या पाकिटात घालून, जात आणि तारीख लिहून, कोरड्या थंड जागी ठेवल्या तर काही वर्षं टिकतात.

दांडा वेळेवर कापला नाही तर बोंडं जागच्या जागी फुटतात, आणि पुढच्या काही महिन्यांत शेजारच्या प्रत्येक कुंडीत कॅपेन्सिस उगवते. हे झाड वाढवणाऱ्यांमध्ये चेष्टाच आहे: कुणाकडूनही दुर्मिळ जातीची बी मागवा, वर्षभर जपा, आणि शेवटी फुलते ती कॅपेन्सिस. तेव्हा पाकिटावर नाव लिहिण्याआधी, ती बी नक्की कुठल्या दांड्यावरून आली हे पाहून घ्या.