मुंबईबाहेर न जाणारी बिअर

[दृश्य : मे महिना, संध्याकाळचे सात. धोबी तलावाजवळची एक परमिट रूम. पंखे फुल्ल, तरी सगळ्यांच्या पाठी ओल्या.]

मुंबईतल्या कुठल्याही परमिट रूममध्ये जाऊन बसा. मेनू कार्ड हातात पडायच्या आधीच वेटरचा प्रश्न येतो, "स्ट्राँग की माइल्ड?" कोणती बिअर, ते नंतर बघू. आधी कडक की सौम्य ते सांगा. आणि शेजारच्या टेबलावरून ठरलेला आवाज येतो, "चिल्ड आहे ना? नाहीतर नको."

बाहेरगावचा पाहुणा, मग तो कोल्हापूरचा असो की कोपनहेगनचा, विचारतो की इथली लोकल बिअर कोणती. वेटर फ्रीजकडे बोट दाखवतो. त्यात जे आहे ते दिल्लीत मिळतं, गोव्यातही मिळतं. मग मुंबईचं असं काय? आमची व्याख्या जरा हट्टी आहे. जे शहराबाहेर नेलं की बिघडतं, ते इथलं. या कसोटीवर बाटली नापास होणार हे उघड आहे. तरी सुरुवात बाटलीपासूनच करू, कारण तिच्यावरचं लेबल सहसा कुणी वाचत नाही.

[दृश्य : बाटली अगदी जवळून. लेबलवरून हळूहळू खाली.]

साडेसहाशे मिलीची तपकिरी बाटली. खांद्यावर आणि बुडाशी काच घासून पांढुरकी झालेली. म्हणजे ही बाटली नवी नाही. कुणीतरी रिकामी केली, भंगारवाल्याने गोळा केली, कारखान्यात धुतली गेली आणि पुन्हा भरून आली. तिचा तपकिरी रंगही उगाच नाही. ऊन लागलं की हॉप्समधल्या, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीच्या फुलांमधल्या, घटकांमुळे बिअरला उग्र वास येतो, आणि तपकिरी काच तो उजेड बऱ्यापैकी अडवते. टपरीवजा दुकानाबाहेर उन्हात क्रेट ठेवलेले दिसले, तर पुढच्या दुकानात जा.

आता बारीक अक्षरं बघा. 'फक्त महाराष्ट्र राज्यात विक्रीसाठी'. राज्यघटनेने दारू हा विषय राज्यांकडे दिलाय. प्रत्येक राज्याचं उत्पादन शुल्क वेगळं, लेबलची नोंदणी वेगळी, बाहेरून माल आणला तर त्याचा भार वेगळा. म्हणून मोठ्या कंपन्यांनी राज्याराज्यांत कारखाने टाकले. किंगफिशर बनवणारी युनायटेड ब्रुअरीज १९१५ मध्ये स्थापन झालेली, बंगळुरूची कंपनी. पण मुंबईत तुमच्यासमोर उघडली जाणारी बाटली बहुधा तळोज्यातून किंवा संभाजीनगरजवळच्या वाळूजमधून आलेली असते. ब्रँड कर्नाटकचा, बिअर एमआयडीसीची. आणि जुन्या गिऱ्हाइकांची लाडकी 'एलपी', म्हणजे लंडन पिल्सनर? नावात लंडन, पण ती ओळखली जाते मुंबईच्या परमिट रूममुळे.

याच लेबलवर स्ट्राँग-माइल्डचा उलगडाही होतो. माइल्ड म्हणजे अल्कोहोल पाच टक्क्यांपर्यंत, स्ट्राँग म्हणजे त्याच्या वर आणि आठपर्यंत. देशात खपते ती मुख्यतः स्ट्राँग. हिशेब साधा आहे : जवळपास तेवढ्याच पैशांत जास्त चढते. चवीचं म्हणाल तर स्ट्राँग बिअर कोमट झाली की गोडूस लागते आणि घशाला टोचते, म्हणून ती बर्फासारखी गार हवी असते. फार गार घोट घेतला की जीभ बधिर होते आणि खोट लपते. आमचं मत विचाराल तर मुंबईच्या दमट हवेत माइल्ड घ्या, आणि पॅकिंगची तारीख बघून घ्या. बिअर मुरत नाही, शिळी होते. इथल्या उकाड्यात तर लवकर होते.

[दृश्य : जुनं बंदर. गोदीच्या भिंती.]

खरं तर बिअर हे या किनाऱ्याचं पेयच नव्हे. बिअर जिच्यापासून बनते ती बार्ली इथे पिकत नाही, ती येते राजस्थान, हरियाणाकडून. हॉप्सच्या वेलाला थंडी लागते. आपल्याकडे त्याची लागवड झाली ती हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात. लागर, म्हणजे बाटलीतली ही नेहमीची बिअर, आंबवायला दहा-बारा अंशांची थंडी लागते, आणि मुंबईत जानेवारीच्या पहाटेसुद्धा तेवढं तापमान दुर्मीळच. इंग्रजांच्या काळात बिअर बोटीने यायची. लंडनमध्ये बो भागात हॉजसन नावाच्या माणसाची ब्रुअरी होती, तिथून पिंपं निघत. आफ्रिकेला वळसा घालून कित्येक महिन्यांनी ती हिंदुस्थानात पोचत. वाटेत माल टिकावा म्हणून त्यात हॉप्स जरा जास्तच. त्या कडवट फिकट बिअरला पुढे 'इंडिया पेल एल' हे नाव पडलं. थोडक्यात, जिच्या नावात इंडिया आहे ती बिअर प्रवासात घडली.

बर्फाचंही तेच. १८३०च्या दशकात मुंबईत बर्फ यायचा तो अमेरिकेतून, बोस्टनच्या बाजूच्या गोठलेल्या तळ्यांवरून, भुशात गुंडाळून. पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभॉय यांनी जेवणावळीत आइस्क्रीम वाढलं, तेव्हा यजमान-पाहुण्यांना सर्दी झाली आणि वर्तमानपत्राने 'बरं झालं' अशा थाटात बातमी दिली, असा किस्सा जुन्या नोंदींत सापडतो. आज 'चिल्ड आहे ना?' विचारणाऱ्या शहराचा बर्फाशी परिचय असा झाला.

[दृश्य : परमिट रूमच्या भिंतीवरचा फ्रेम केलेला परवाना.]

परमिट रूम म्हणजे काय, हे मात्र पाहुण्याला नीट सांगावं लागतं. १९४९ साली मुंबई राज्याने दारूबंदी कायदा केला. गृहमंत्री मोरारजी देसाई. पिणारे काही थांबले नाहीत. घराघरांतून 'आंटीचे अड्डे' चालले, खाडीकाठी हातभट्ट्या पेटल्या. पुढे सरकारने बंदी सैल केली, कायदा मात्र ठेवला. तो आजही आहे. त्याच कायद्याखाली गुजरात कोरडा राहिला आणि महाराष्ट्रात परवाना आला. नियमाने बोलायचं तर महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी प्रत्येकाजवळ परवाना हवा. एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म. आणि परवान्याच्या मजकुरानुसार तुम्ही पिता ते प्रकृती राखण्यासाठी. आमच्या टेबलावर एकानेही प्रकृतीचं कारण दिलं नाही, पण कागद कागद असतो. वयाचंही लक्षात ठेवा : माइल्ड बिअर आणि वाईनला २१ वर्षं पूर्ण, व्हिस्की-रमसारख्या कडक दारूला २५.

कुलाब्यातली लिओपोल्ड आणि मोंडेगर ही पर्यटकांची ठिकाणं. पहिलं इराण्यांनी १८७१ मध्ये सुरू केलेलं, दुसऱ्याच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं. एकदा जाऊन यायला हरकत नाही. बिल बघून दचकू नका. मुंबई बघायची असेल तर साध्या परमिट रूममध्ये बसा, तेही नॉन-एसीत. एसी सेक्शनला त्याच बाटलीचे जास्त पैसे पडतात. टेबलावर उकडलेले चणे येतील, त्यावर कांदा, मिरची, लिंबू. मसाला पापड मागवा. जागा मालवणी माणसाची असेल तर बोंबील फ्राय मागवाच. कुरकुरीत रव्याखालचा तो मऊ, खारट मासा आणि माइल्ड बिअरचा घोट, यावर आम्ही वाद घालणार नाही.

[दृश्य : अंधेरीतला टॅपरूम. काचेमागे स्टीलच्या उंच टाक्या.]

आता आमच्या कसोटीला उतरणारी बिअर. कारखान्यातली बाटली पाश्चराइझ केलेली असते. गरम करून तिच्यातलं यीस्ट मारलेलं, म्हणून ती प्रवास सोसते. मायक्रोब्रुअरीतली, म्हणजे जागेवरच बनवून विकणाऱ्या छोट्या ब्रुअरीतली, बिअर बहुतेकदा न गाळता, जिवंत यीस्टसकट नळातून येते. गार ठेवली तर ठीक, नाहीतर काही दिवसांत आंबट होते. या धंद्याची वाट आपल्याकडे आधी पुण्याने धरली. तिथे २००९ साली डूलॅली नावाच्या मायक्रोब्रुअरीने आपली बिअर बनवली, नंतर ते अंधेरीत आले. डोंबिवलीत गेटवे ब्रुइंगने टाक्या लावल्या. लोअर परळच्या बंद गिरण्यांच्या आवारातही नळ सुरू झाले. ज्या आवारात गिरणी कामगारांची पाळी सुटायची, तिथे आता साडेतीनशे-चारशे मिलीच्या ग्लासाला जो भाव पडतो, तो इथे न सांगितलेला बरा.

पहिल्यांदा जाणाऱ्याने बेल्जियन पद्धतीची गव्हाची बिअर मागवावी. गढूळ, फिकट पिवळी, कडवटपणा नावाला. ग्लास नाकाशी नेलात की ओळखीचा वास येईल. त्यात संत्र्याची साल आणि धणे असतात. आपल्या मसाल्याच्या डब्यातले तेच धणे, जाडसर कुटून उकळत्या रसात टाकलेले. ती मुंबईच्या जेवणाशी सगळ्यात चांगली जमते. कोलंबी, सोलकढी, तिखट रस्सा, कशाशीही भांडत नाही. इंडिया पेल एलही इथे मिळते. पूर्वी महिनोन्‌महिने बोटीतून येणारी ती बिअर आता अंधेरीत आंबते आणि अंधेरीतच संपते. कडू आवडत नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नका. आंबा किंवा जांभूळ घातलेल्या हंगामी बिअर कधी जमतात, कधी औषधासारख्या लागतात. आधी चाखायला थोडीशी मागा, सहसा देतात.

[दृश्य : पहाट. पालघर जिल्हा, केळव्याच्या बाजूला. ताडाच्या शेंड्यावर एक माणूस.]

आणि आता ज्यासाठी विरार लोकलच्या पुढे जावं लागतं, ते. बार्ली नको, हॉप्स नको, फ्रीज नको. ताडी.

ताडाच्या फुलोऱ्याला पोय म्हणतात. ती बांधून ठेवायची, हलक्या हाताने ठोकायची आणि टोकाची पातळ चकती कापायची. कापल्या जागेतून रस ठिबकू लागतो. खाली मडकं बांधलेलं. रोज सकाळ-संध्याकाळ वर चढून आणखी एक चकती उडवायची, नाहीतर जखम सुकते आणि रस थांबतो. हे सगळं तीस-चाळीस फुटांवर, पायात दोराचा फास आणि कमरेला कोयता घेऊन. कोकणात भंडारी समाजाचा हा पिढीजात धंदा. तिथे नारळीचा रस म्हणजे माडी. इंग्रजांनी १८७८ च्या अबकारी कायद्याने त्यावर आपली पकड घट्ट केली, झाडागणिक कर घेतला.

रसात साधारण दहा-पंधरा टक्के साखर असते. हवेतलं आणि मडक्यातलं यीस्ट लगेच कामाला लागतं. ताजा रस नुसता गोड. दोन-चार तासांत फेस, जिभेवर चुरचुर. दुपारपर्यंत बिअरइतकी नशा. संध्याकाळी आंबट, आणि दुसऱ्या दिवशी शिरका. आंबवण्याला गारवा लागतो हा नियम इथे चालत नाही. मुंबईचा उकाडा बिअरचा शत्रू, ताडीचा कारागीर. पूर्वी वसईच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती, घरांत फुगे या तळलेल्या गोळ्यांचं पीठ हिच्यावर फुगायचं, पारशांच्या 'भाखरा' या तळलेल्या गोड पदार्थातही ताडी पडायची.

ती बाटलीत का मिळत नाही, हे आता वेगळं सांगायला नको. दुपारची ताडी दादरला पोचेपर्यंत दुसरंच काही झालेली असते. म्हणूनच शहरात स्वस्त ताडी सारखी एकाच चवीची, दिवसभर तशीच फेसाळ मिळत असेल तर सावध व्हा. क्लोरल हायड्रेटसारखं गुंगीचं रसायन मिसळून ताडी विकल्याची प्रकरणं पोलिसांनी पकडली आहेत. परवाना असलेलं ताडी-माडी केंद्रच गाठा, किंवा सरळ झाडाखाली जा. ताडाचा हंगाम थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत. पावसात खोड निसरडं होतं. जाताना लोकलने जा, येताना तर नक्कीच लोकलने या.

[दृश्य : नीरा विक्री केंद्र.]

शेवटी ड्राय डे. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, आषाढी, अनंत चतुर्दशी, शिवाय मतदानाच्या आधीचे दिवस. वाईन शॉपची शटर खाली, परमिट रूमला कुलूप. पण तोच झाडाचा रस, आत चुना लावलेल्या मडक्यात पहाटेपूर्वी उतरवून गार ठेवला की आंबत नाही. त्याला नीरा म्हणतात आणि ती नीरा विक्री केंद्रावर मिळते, ड्राय डेलाही. २६ जानेवारीला ताड हंगामात असतो. सकाळी लवकर जा, ग्लास गार आहे का बघा, आणि फेस दिसला तर परत करा.