सकाळी वर, दुपारी खाली

श्रोतेहो, नमस्कार.

थंडी पडली की साताऱ्यातल्या नवराबायकोंना दोघांनीच कुठेतरी जावंसं वाटतं, आणि बहुतेकदा बेत ठरतो तो महाबळेश्वरचा. मग रविवारी पसरणीच्या घाटात गाड्यांची रांग, तळ्याकाठी गर्दी आणि परतताना अंधार. शीण जायला पुढचे दोन दिवस लागतात, आणि त्या हिवाळ्यात पुन्हा बेत होत नाही. त्यापेक्षा अर्ध्या दिवसाच्या, पंचवीस-तीस किलोमीटरच्या आतल्या फेऱ्या दर आठवड्याला कराव्यात. सातारा त्यासाठीच वसवल्यासारखं गाव आहे. फक्त वेळेचं गणित सांभाळायचं: सकाळी वर जायचं, दुपारी खाली उतरायचं आणि दिवेलागणीला गावात असायचं.

सकाळी वर का, ते आधी सांगतो. निरभ्र रात्री डोंगरउतारावरची हवा गार होते. गार हवा जड, ती ओघळून कृष्णा-वेण्णेच्या खोऱ्यात साचते. खाली नदीची आणि भिजवलेल्या उसाची ओल असतेच. म्हणून सकाळी सातला कोरेगाव रस्त्याला समोरचं झाड दिसत नाही, आणि त्याच वेळी यवतेश्वराच्या डोंगरावर स्वच्छ ऊन असतं. वरून पाहिलं की खोरं दुधानं भरल्यासारखं दिसतं आणि त्यातून अजिंक्यताऱ्याची पाठ तेवढी वर आलेली असते.

डिसेंबरच्या मध्याला सूर्य सातच्या सुमारास उगवतो, जानेवारीत आणखी पाच-दहा मिनिटं उशिरा. राजवाड्यापासून यवतेश्वर जेमतेम वीस मिनिटांचा रस्ता आहे, तेव्हा पावणेसातला घर सोडलं तरी पुरतं. पण नऊपर्यंत वाट पाहत बसू नका. ऊन तापलं की तेच धुकं उचललं जातं आणि काही वेळा सरळ घाटात शिरतं. अशा वेळी हेडलाईटचा झोत खाली ठेवायचा. वरचा झोत धुक्याच्या थेंबांवरून परत आपल्याच डोळ्यांत येतो आणि दिसायचं तेही दिसेनासं होतं.

आता दुचाकीवरचा गारठा. चालवणाऱ्याच्या छातीवर आणि बोटांवर वारा बसतो, मागे बसणाऱ्याचे गुडघे आणि कान गारठतात. एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा तीन थर बरे. आत सुती बनियन, त्यावर पातळ लोकर आणि सगळ्यात वर वारा आत न शिरू देणारं जाकीट. स्वेटर ऊब धरतो, पण वारा अडवत नाही. जाकीट नसेल तर वर्तमानपत्राची चार पानं घडी करून छातीशी, स्वेटरच्या आत ठेवा. जुना उपाय आहे आणि खरंच चालतो. हातमोजे मात्र हवेतच. गारठलेलं बोट ब्रेकवर उशिरा आवळतं, आणि घाट उतरताना तो उशीर महागात पडतो.

मागे बसणाऱ्या ताईंनी शाल पांघरू नये. शाल, ओढणी किंवा पदर, कुठलंही मोकळं टोक चाकात जाऊ शकतं. टोकं जाकिटाच्या आत खोचून घ्या. हेल्मेट दोघांनाही हवं. काचेवर वाफ धरते तेव्हा काच बोटभर उघडी ठेवा, किंवा आदल्या रात्री आतून साबणाचा अगदी पातळ हात फिरवून कोरड्या फडक्यानं पुसून घ्या.

गाडीचं म्हणाल तर हवा तपासा, आणि चाक गार असतानाच तपासा. दोघं बसणार म्हणजे मागच्या चाकात एकट्यापेक्षा जास्त हवा लागते. किती, ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. अनेक ११० सीसी स्कूटरना पुढे २२ आणि दोघं असताना मागे ३६ पौंड लागते. मागची हवा कमी राहिली की वळणावर गाडी मागून डोलते, आणि माणसाला वाटतं रस्ताच खराब आहे.

उतरताना गिअरची गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा, इंजिनच तिला धरून ठेवतं. बिनगिअरच्या स्कूटरला इंजिनाची पकड बेताची, त्यामुळे सगळा भार ब्रेकवर पडतो. ब्रेक सतत दाबून धरला तर तापतो आणि मग लागेनासा होतो. म्हणून थोडा दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा, आणि मध्येच एकदा पाच मिनिटं थांबायचं. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून उतरणारे अजूनही दिसतात. ते कधीही करू नका. झाडीच्या सावलीतली वळणं दवामुळे नऊ-दहापर्यंत ओली असतात आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे ओले झाले की साबणासारखे होतात. अशा वळणावर ब्रेक नको. वेग आधीच उतरवायचा.

यवतेश्वरावरून पुढे कास. फुलं ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये. हिवाळ्यात पठार सोनेरी, वाळलेलं आणि शांत असतं, ते पाहायला जायचं. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर हे पठार जागतिक वारसा यादीत गेलं. आता वाळलं आहे म्हणून आत चालायला हरकत नाही, असं वाटतं खरं, पण हरकत आहेच. जांभ्या खडकावर मातीचा थर वीतभरही नाही, आणि पुढच्या पावसाचं बी त्यातच पडलेलं असतं. पायाखाली ते खडकावर चिरडलं जातं. रस्त्याच्या कडेनंच फिरा, आणि काडी तर अजिबात ओढू नका. वाळल्या गवताला ठिणगी पुरते. पुढे तलावाकडे पहाटे किंवा सांजेला गवा रस्त्यावर उभा दिसू शकतो. हॉर्न वाजवू नका, दिवा मिचकावू नका. गाडी लांब थांबवून त्याला जाऊ द्या.

चहा घरूनच न्यावा, वर मिळेलच असं नाही. थर्मासमध्ये आधी उकळतं पाणी भरून पाच मिनिटं ठेवा, ते ओतून मग चहा भरा. नुसत्या गार थर्मासमध्ये ओतला तर पहिली ऊब भांडंच खातं. आलं दुधात टाकू नका, कच्च्या आल्यानं दूध फाटतं. पाण्यात आलं चांगलं उकळू द्या, मग दूध घाला. दुधाचा चहा तीन तासांच्या आत संपवावा, त्यानंतर चव उतरते. खायला बाजरीची भाकरी आवडीची असली तरी गार झाली की कडक होते. त्याऐवजी दुधात पीठ भिजवून केलेली दशमी न्या, ती दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि कांद्याची पात. एवढ्यात दोघांचं छान भागतं.

दुपारी खाली म्हटलं, ते लिंब गावासाठी. पुणे-बंगळूर महामार्गानं उत्तरेला जाऊन लिंब फाट्यावरून आत वळायचं. साताऱ्यापासून पंधरा-सोळा किलोमीटर पडतं. तिथली बारा मोटेची विहीर शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधून घेतली, शके १६४१ ते १६४६, म्हणजे १७१९ ते १७२४ या वर्षांत. अष्टकोनी विहीर आणि तिला जोडलेला पायऱ्यांचा भाग, असं वरून पाहिलं तर शिवलिंगाचा आकार दिसतो. जिना उतरलं की आत दगडी महालच आहे. कोरलेले खांब, मूर्ती, आणि वरच्या मजल्यावर मोटांच्या जागा. तिथे सकाळी जाऊ नका. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, भर बारालाही आकाशात निम्म्याच उंचीवर. सकाळचं तिरपं ऊन आत उतरतच नाही, पायऱ्या ओल्या असतात आणि खांबांवरचं कोरीव काम अंधारात राहतं. बारा ते दीडच्या दरम्यान आतला दगड उजळतो. तेव्हा खाली उतरून थोडं शांत बसा. वर मुलं ओरडत असली तरी आत हवा वेगळीच असते, थंड आणि ओलसर. अनवाणी उतरू नका. शेवाळ्यावर चप्पल घसरते, बूट बरे. कठड्यावर बसून फोटो काढायचा मोहही टाळावा, त्या कठड्याला काही आडोसा नाही.

सज्जनगडाची फेरी पूर्ण वेगळी आहे. गाडीतळापासून दोन-अडीचशे पायऱ्या आहेत. एकाचे गुडघे दुखत असतील तर दुसऱ्यानं पुढे धावून वरून हाका मारू नयेत. ज्याचा वेग कमी, त्याच्या वेगानं दोघांनी चढायचं. समर्थांची समाधी आणि प्रसाद झाला की टोकाशी असलेल्या धाब्याच्या मारुतीपर्यंत जा. तिथून उरमोडीचं पाणी दिसतं. वारा जोराचा असतो, कानटोपी काढू नका. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी पहाटेच्या कडाक्यात चढण टाळावी, ऊन पडल्यावर निघावं.

आता दिवेलागणीचं. हिवाळा म्हणजे गळीत हंगाम. संध्याकाळनंतर कोरेगाव, रहिमतपूर, भुईंज, कराड, कुठल्याही रस्त्याला दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर असतोच. मागच्या ट्रॉलीतून लोंबणारे ऊस लाल दिवा आणि चमकती पट्टी झाकून टाकतात. अंधारात ट्रॉली दिसते ती फार जवळ गेल्यावर. बिघडलेली ट्रॉली रस्त्यातच उभी करून चाकाला दगड लावतात, आणि ट्रॉली गेल्यावर दगड तिथेच राहतात. दुचाकीला ट्रॉलीपेक्षा ते दगड जास्त घातक आहेत. रस्त्यावर पडलेलं पाचटही घसरवतं. म्हणून सहाला सूर्य मावळायच्या आत शहराच्या हद्दीत या. संध्याकाळ हवीच असेल तर संगम माहुलीला जा, पाच किलोमीटरवर कृष्णा आणि वेण्णा भेटतात. घाटाच्या पायऱ्यांवर अर्धा तास बसायचं आणि राजवाड्याच्या चौपाटीवर गरम काहीतरी खाऊन घरी यायचं. ‘चार भिंती’ या टेकडीवरच्या स्मारकापासूनही गावचे दिवे सुंदर दिसतात.

महाबळेश्वरला जायचंच असेल तर मधल्या वारी, मेढा-केळघर मार्गानं जा. पहाटे वेण्णा तळ्याकाठी गवतावर गोठलेलं दव पाहायचं असेल तर आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला हवा. ढग असले तर जमिनीची ऊब धरून ठेवतात, मग काही गोठत नाही. स्ट्रॉबेरी घेताना डबा उलटा करून तळ पाहा, दाबलेली फळं खाली असतात. देठाशी पांढरं राहिलेलं फळ घेऊ नका. तोडल्यावर स्ट्रॉबेरी गोड होत नाही. डबा हँडलला लटकवू नका, दोघांच्या मध्ये आडवा ठेवा. घरी आणल्यावर खायच्या वेळीच धुवा. आणि पौष पौर्णिमेच्या आगेमागे मांढरदेवी परिसरात सहलीला जाऊ नका, काळूबाईची यात्रा असते.

सांगलीकरांचा प्रदेश सपाट, तिथे वरखालीचा प्रश्न नाही. पण हरिपूरच्या कृष्णा-वारणा संगमावर धुकं नऊपर्यंत असतं, तेव्हा तिथे दुपारनंतरच जावं. सागरेश्वर अभयारण्याला सकाळ बरी, हरणं उन्हाला येतात.

एक गोष्ट बोलायला लोक संकोचतात. घाटात आणि पठारावर बायकांसाठी स्वच्छतागृह मिळेलच असं नाही. म्हणून कित्येकजणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि दुपारी डोकं धरतं. जाताना पेट्रोल पंप किंवा एसटी स्थानक कुठे आहे, हे नवऱ्यानं आधी पाहून ठेवावं आणि न सांगता गाडी थांबवावी.

बाकी तयारी शनिवारी रात्रीची. हातमोजे, कानटोप्या, टॉर्च, पाण्याची बाटली, पंक्चरचं सामान एका पिशवीत भरून दाराशी ठेवा. आणि परत आल्यावर थर्मास त्याच रात्री धुऊन, झाकण उघडं ठेवून पालथा घाला. बंद ठेवला तर दुधाचा वास धरतो आणि पुढच्या रविवारचा चहा बिघडतो.