तहाचा शेवट : नाशिककरांनी पाहिलेला ‘मॅट्रिक्स’चा तिसरा भाग

(दृश्य : नाशिकरोड स्टेशन, सकाळ. फलाटावर पासधारकांची गर्दी. पंचवटी एक्सप्रेस येऊन थांबते. दारं भरतात, गाडी सुटते, फलाट रिकामा होतो.)

निवेदन :
वीस वर्षं याच गाडीने मुंबईला नोकरीसाठी गेलेल्या एका काकांना आम्ही विचारलं, ‘मॅट्रिक्स’चा तिसरा भाग आठवतो का? ते म्हणाले, “गोष्ट नाही आठवत. स्टेशन आठवतं.”

ते स्टेशन चित्रपटाच्या सुरुवातीलाच येतं. पांढऱ्या फरशांचं, लख्ख, निर्मनुष्य भुयारी स्टेशन. चित्रपटाचा नायक निओ तिथे अडकलेला आहे. तो रुळांवरून बोगद्यात धावत सुटतो आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा त्याच फलाटावर येऊन आदळतो. काका म्हणाले, “सकाळी इथून निघायचं आणि रात्री इथंच उतरायचं. मधलं आयुष्य कुठं गेलं, विचारू नका. तो सीन मला कुणी समजावून सांगावा लागला नाही.”

हा माहितीपट आम्ही त्यांच्यापासून सुरू केला, कारण या चित्रपटाबद्दल बोलताना सगळे शेवटावर येऊन भांडतात. काकांनी सुरुवात धरून ठेवली होती.

(दृश्य : जुन्या सीडींचा ढीग. कव्हरवरची धूळ बोटाने पुसली जाते.)

निवेदन :
पहिला ‘द मॅट्रिक्स’ १९९९ चा. वाचोव्स्की भावंडांनी लिहिला आणि दिग्दर्शित केला. संकलन, ध्वनी, ध्वनिपरिणाम आणि दृश्यपरिणाम अशी चार ऑस्कर त्याला मिळाली. आपण जगतो ते जग खरं की यंत्रांनी दाखवलेलं आभासी जग, म्हणजेच मॅट्रिक्स, या एका प्रश्नाने त्या वर्षी जगभरच्या कॉलेजकट्ट्यांची झोप उडवली. पुढचे दोन्ही भाग एका दमात चित्रित झाले. ‘रीलोडेड’ मे २००३ मध्ये आला आणि ‘रेव्होल्यूशन्स’ त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला. तोही असा की, लंडनमध्ये दुपारचे दोन, मॉस्कोत संध्याकाळचे पाच, टोकियोत रात्रीचे अकरा, तर लॉस एंजेलिसमध्ये पहाटेचे सहा. देश वेगवेगळे, पण घटका एकच. त्या घटकेला आपल्या घड्याळात संध्याकाळचे साडेसात वाजले होते.

नाशिकमध्ये तेव्हा सिंहस्थाची गर्दी ओसरली होती, दिवाळी नुकतीच झाली होती. मी कॉलेजात होतो. चित्रपट हाती आला तो काही आठवड्यांनी, सिडकोतल्या एका सीडी लायब्ररीतून. मित्राच्या खोलीवर सहा जण एका कॉम्प्युटरसमोर दाटीवाटीने बसलो. संपल्यावर कुणीच काही बोललं नाही. मग एक जण म्हणाला, “एवढंच?” आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. ती मान हलवल्याचं मला पुढे बरीच वर्षं डाचत राहिलं. चित्रपट मला आवडला होता आणि ते सांगायचं धैर्य नव्हतं.

(दृश्य : कॉलेज रोड. क्लासमधून बाहेर पडणारी मुलं. फळ्यावर अर्धवट पुसलेला प्रोग्रॅम.)

निवेदन :
“एवढंच?” म्हणणाऱ्यांची बाजू कच्ची नाही. कॉलेज रोडवर गेली कित्येक वर्षं प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या एका सरांनी ती आम्हाला सर्वांत नीट सांगितली.

दुसऱ्या भागात आर्किटेक्ट, म्हणजे मॅट्रिक्स रचणारा प्रोग्रॅम, निओला सांगतो की तू पहिला तारणहार नाहीस, सहावा आहेस. याआधी पाच वेळा झायन हे माणसांचं शहर उभं राहिलं आणि पाच वेळा पाडलं गेलं. म्हणजे बंडसुद्धा यंत्रांच्या हिशेबात धरलेलं. सर म्हणतात, “इतका मोठा बॉम्ब टाकलात, मग तिसऱ्या भागात त्याचं काय झालं?” त्यांचा दुसरा आक्षेप आणखी नेमका आहे. दुसऱ्या भागाच्या शेवटी निओ खऱ्या जगात, मॅट्रिक्सच्या बाहेर, नुसता हात उचलून यंत्रांना थांबवतो. सहा महिने जगभर तर्क चालले : बाहेरचं जगही आणखी एक मॅट्रिक्स असणार! तिसऱ्या भागात भविष्य सांगणारी ओरॅकल दोन वाक्यांत सांगून मोकळी होते, की त्याची शक्ती पार यंत्रांच्या उगमापर्यंत पोहोचते. सर म्हणाले, “विद्यार्थ्याने असं उत्तर लिहिलं तर मी अर्धे मार्क कापेन.”

ते बरोबर बोलतात. मला तिसरा भाग प्रिय आहे, तरीही ते उत्तर तोकडंच आहे. निओला वाट दाखवणाऱ्या मॉर्फियसचं तेच. पहिल्या भागात ज्याच्या एकेका वाक्यावर आपण खुर्चीच्या टोकाला सरकायचो, तो तिसऱ्या भागात कप्तान नायोबी चालवत असलेल्या उडत्या जहाजात तिच्या शेजारी बसून राहतो. प्रेक्षकांनीही निकाल दिलाच. ‘रीलोडेड’ने जगभरात सुमारे ७४ कोटी डॉलर कमावले, ‘रेव्होल्यूशन्स’ने सुमारे ४३ कोटी.

(दृश्य : अंबड औद्योगिक वसाहत. शिफ्ट सुटण्याची वेळ. गेटवर सायकली, मोटरसायकली. यंत्राचा एकसुरी आवाज.)

निवेदन :
पण अंबडमध्ये भेटलेल्या एका सीएनसी ऑपरेटरला आर्किटेक्टशी काही देणंघेणं नव्हतं. त्याच्या लेखी तिसरा भागच खरा. हिंदीत डब केलेला तो त्याने टीव्हीवर किती वेळा पाहिला, याची मोजदाद नाही.

त्याला आवडते ती झायनच्या गोदीतली लढाई. छत फोडून आत घुसणारं अजस्र ड्रिल, त्यामागून हजारोंच्या थव्याने उतरणारे यांत्रिक ऑक्टोपस, आणि खाली लोखंडी सांगाड्यांत बसून दोन्ही हातांनी गोळ्या झाडणारी माणसं. लोकांना आठवतात ते सांगाडे. त्याने आम्हाला दाखवलं ते गोळ्यांची पेटी ढकलत त्या सांगाड्यांच्या पायांत धावणारं पोरगं. वयही पूर्ण भरलेलं नाही, तरी भरती झालेलं. “लोडर आहे तो,” ऑपरेटर म्हणाला. “मशीन चालवणाऱ्याचं नाव होतं, पण माल वेळेवर पोचला नाही तर मशीन काय करणार? मी हेल्पर म्हणून लागलो, तेव्हा तेच काम होतं माझं.” शेवटी सांगाड्यांच्या तुकडीचा कप्तान कोसळतो आणि गोदीचा दरवाजा उघडायचं काम त्या पोरावर येतं. आणि तो ते करतो.

आत येणारं जहाज विद्युतचुंबकीय स्फोट घडवतं. यंत्रं पटापट खाली पडतात, पण त्याच धक्क्याने माणसांची सगळी यंत्रणाही बंद पडते. ऑपरेटर म्हणाला, “मेन स्विच पाडला की सगळ्यांचाच अंधार होतो. हे लिहिणारा माणूस कधीतरी कारखान्यात उभा राहिलेला असणार.”

(दृश्य : निफाडकडचा रस्ता. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. आभाळ भरून आलेलं.)

निवेदन :
निफाडजवळ एका द्राक्षबागेत आम्ही गेलो, ते खरं तर दुसऱ्याच कामासाठी. चहा घेताना विषय निघाला आणि बागायतदार दादा एकदम सावरून बसले. “ती वर जाते, तो सीन.”

यंत्रांच्या शहराकडे जाताना निओ आंधळा झालेला आहे आणि जहाज त्याची प्रेयसी ट्रिनिटी चालवते आहे. या जगात माणसांनीच यंत्रांचं ऊन तोडायला आभाळ काळवंडून टाकलं, त्याला पिढ्या लोटल्या. मारा चुकवायला ट्रिनिटी जहाज सरळ वर घेते. काळे ढग फाटतात आणि काही क्षण, अगदी थोडे क्षण, तिला सूर्य दिसतो. शेजारी बसलेल्याला तो दिसत नाही. मग जहाज पुन्हा खाली येतं आणि ती त्या प्रवासातून परतत नाही.

दादा म्हणाले, “ऑक्टोबर छाटणी झाली की पुढचे दोन महिने मी घड्याळ बघत नाही, आभाळ बघतो. चार दिवस ढगाळ राहिलं, वर रिमझिम झाली, की डावणी रोग आलाच. फुलोऱ्यात असली बाग तर घड कुजतात, गळतात. रात्री बारालाही फवारणीचा ट्रॅक्टर काढलाय आम्ही. आणि पाचव्या दिवशी ऊन पडतं ना, तेव्हा बायको अंगणात नुसती उभी राहते. काही बोलत नाही. तो सीन पाहताना मी रडलो. घरचे म्हणाले, इंग्रजी मारामारीचा पिक्चर बघून रडतो काय!”

ट्रिनिटीच्या मृत्यूचा प्रसंग फार लांबला, अशी तक्रार आम्ही अनेकांकडून ऐकली. मलाही पूर्वी तसंच वाटायचं. निफाडहून परतताना पाहिलं, तर मागे ढग तसेच होते.

(दृश्य : पंडित कॉलनीतलं एक जुनं घर. भिंतीवर शिवाजी महाराजांची तसबीर, कपाटात इतिहासाची पुस्तकं.)

निवेदन :
आता शेवट. शेवटाबद्दल आम्हाला ज्यांनी सर्वांत जास्त दिलं, त्या इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका आहेत. मुलाने सीडी आणली होती, म्हणून त्यांनी पाहिला. मुलगा चिडला होता. इतकं मोठं युद्ध झालं आणि निओ जिंकलाच नाही! यंत्रं आहेत तिथेच, मॅट्रिक्सही आहे तिथेच. बाईंनी त्याला तेव्हा सांगितलं ते आम्हालाही सांगितलं.

“अरे, हा तह आहे. आपल्याला तह म्हटलं की हार वाटते. १६६५ ला पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले दिले, बारा राखले. तिथे पुस्तक मिटलं असतं तर काय वाटलं असतं? पण ते मिटलं नाही. तह करायला हातात काहीतरी लागतं. या पोराच्या हातात काय आहे ते बघ.”

निओच्या हातात स्मिथ आहे. हा स्मिथ मुळात यंत्रांचाच नोकर. पण तो बेलगाम होऊन सगळं मॅट्रिक्स गिळत चालला आहे, प्रत्येक देहात स्वतःचीच प्रत ओततो आहे. तो आता यंत्रांनाही आवरत नाही. निओ एकटा, निःशस्त्र, डोळे गेलेला, शत्रूच्या राजधानीत उभा राहतो आणि सांगतो की तुमचा शत्रू मी संपवतो. बदल्यात विजय मागत नाही, शांतता मागतो. मग पावसातली ती प्रचंड झुंज होते आणि तिच्या शेवटी तो लढणं थांबवतो. स्मिथला स्वतःला गिळू देतो. त्याच देहातून यंत्रं स्मिथपर्यंत पोहोचतात आणि त्याच्या सगळ्या प्रती फुटतात.

झायनवरून यंत्रं माघारी फिरतात. ज्यांना मॅट्रिक्समधून बाहेर पडायचं आहे, त्यांना सोडायचं ठरतं. ही शांतता किती दिवस टिकेल, असं आर्किटेक्टच ओरॅकलला विचारतो. टिकेल तितके दिवस, एवढंच ती म्हणते. बाई म्हणाल्या, “मुदत लिहिलेली नाही, हे मला फार खरं वाटलं. कोणत्या तहात ती खरी लिहिलेली असते?”

सहा जणांच्या त्या खोलीत मला जे म्हणायचं होतं आणि शब्द सापडला नव्हता, तो शब्द मला बाईंनी दिला.

(दृश्य : लहान मुलीचे पाय, फरशीवर. मग पुन्हा नाशिकरोडचा फलाट, या वेळी रात्रीचा.)

निवेदन :
पुन्हा स्टेशनवर येऊ, कारण तिथे निओ एकटा नाही. तिथे एक कुटुंब गाडीची वाट पाहत बसलेलं आहे : रामा-कांद्रा, त्याची पत्नी कमला आणि त्यांची लहान मुलगी सती. तिघंही माणसं नाहीत, प्रोग्रॅम आहेत. यंत्रांच्या जगात प्रत्येक प्रोग्रॅमला नेमून दिलेलं काम असतं. सतीला कुठलंच काम नाही, म्हणून तिला पुसून टाकलं जाईल. आईबाप तिला चोरून मॅट्रिक्समध्ये ओरॅकलकडे सोडायला निघाले आहेत आणि स्वतः परत जाणार आहेत. एक प्रोग्रॅम आपल्या मुलीवर प्रेम करतो, हे ऐकून निओ चमकतो. तो गृहस्थ त्याला शांतपणे कर्म या शब्दाचा अर्थ सांगतो.

रोजच्या धावपळीत हा प्रसंग कंटाळवाणा वाटतो, असं आम्हाला पुष्कळांनी सांगितलं. माझ्या मते तिन्ही चित्रपटांचा जीव या काही मिनिटांत आहे. पहिल्या भागापासून आपण यंत्रं एकीकडे आणि माणसं दुसरीकडे ठेवली होती. इथे शत्रूच्या गोटातला एक बाप मुलीचा हात धरून फलाटावर बसलेला दिसतो. हे एकदा पाहिल्यावर तहाशिवाय दुसरा शेवट कसा करणार? आणि चित्रपट संपतो तेव्हा आकाशात जो रंगीबेरंगी सूर्योदय होतो, तो याच बिनकामाच्या मुलीने निओसाठी केलेला असतो.

लॉकडाऊनमध्ये तिन्ही भाग लागोपाठ मोबाइलवर पाहिलेली इंजिनिअरिंगची एक विद्यार्थिनी आम्हाला म्हणाली, “सगळे याला नावं का ठेवतात, मला कळलंच नाही.” तिने मधले सहा महिने तर्क लढवत काढले नव्हते. तिला सती लक्षात राहिली. डिसेंबर २०२१ मध्ये चौथा भाग आला, तोही तिने पाहिला. त्याच महिन्यात नाशिकला साहित्य संमेलन भरलं होतं आणि अध्यक्षपदी डॉ. जयंत नारळीकर यांची निवड झाली होती. आजारपणामुळे ते येऊ शकले नाहीत. विज्ञानकथांवर त्यांच्याशी कुणीतरी मांडवात गप्पा मारायला हव्या होत्या, ही रुखरुख माझी आहे.

(दृश्य : रामकुंड, संध्याकाळ. पायऱ्यांवर दिवे. हेडफोन कानाला लावलेले एक वृद्ध गुरुजी, डोळे मिटलेले.)

निवेदन :
शेवटची भेट पंचवटीतली. या गुरुजींनी चित्रपट पाहिलेला नाही. आम्ही त्यांना फक्त अखेरच्या श्रेयनामावलीचं संगीत ऐकवलं. संगीतकार डॉन डेव्हिस आणि जुनो रिअॅक्टर, रचनेचं नाव ‘नवरस’. ढोल, सिंथेसायझर, आणि मधूनच उसळणारा समूहस्वर. थोड्या वेळाने गुरुजींचे ओठ हलू लागले.

असतो मा सद्गमय. तमसो मा ज्योतिर्गमय. मृत्योर्मा अमृतं गमय.

बृहदारण्यक उपनिषदातला मंत्र. हेडफोन न काढताच ते म्हणाले, “उच्चार थोडे इकडेतिकडे आहेत, पण मंत्र पूर्ण आहे. कशाची गोष्ट आहे ही?”

आम्ही सांगितलं, माणसं आणि यंत्रं यांच्या युद्धाची.

“कोण जिंकलं?”

“तह झाला.”

गुरुजींनी मान डोलावली. गंगेवर, म्हणजे इथल्या गोदावरीवर, आरती सुरू व्हायची वेळ झाली होती, त्यांना उठायचं होतं. तरी त्यांनी हात वर करून आम्हाला थांबवलं.

“मधला एक शब्द नीट ऐकू आला नाही. परत लावा.”

(दृश्य : संगीत पुन्हा सुरू. कॅमेरा गुरुजींच्या चेहऱ्यावर स्थिर. पाण्यात दिवे. श्रेयनामावली.)