कळसाची भेट

श्रोतेहो, नमस्कार. आपल्याकडे मंदिराचा जीर्णोद्धार कळस चढल्याशिवाय पुरा झाला असे कोणी मानत नाही, आणि तो कळस कोणी अर्पण केला हे गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. जर्मनीतील ड्रेस्डेन शहरातील फ्राउएनकिर्शे या चर्चच्या कळसाचीही अशीच एक कथा आहे, आणि ती मला आज आपल्याला सांगायची आहे.

गेओर्ग बेर या स्थपतीने आखलेले हे चर्च 1743 मध्ये पूर्ण झाले. त्याचा प्रचंड घुमट संपूर्ण दगडी होता, म्हणून लोक त्याला ‘दगडी घंटा’ म्हणत. 13 फेब्रुवारी 1945 च्या रात्री ब्रिटिश विमानांनी आणि दुसऱ्या दिवशी अमेरिकी विमानांनी शहरावर बाँब टाकले, सुमारे पंचवीस हजार माणसे मृत्युमुखी पडली, आणि आगीच्या धगीने खांब खिळखिळे झालेले हे चर्च 15 तारखेच्या सकाळी कोसळले. पुढे पूर्व जर्मनीच्या राजवटीत तो ढिगारा युद्धस्मारक म्हणून तसाच राहिला. जर्मनीच्या एकीकरणानंतर मात्र नागरिकांनी पुनर्बांधणीसाठी जगाला हाक दिली.

त्या हाकेला ब्रिटनमधून जी साद आली, तिचे मोल मला फार वाटते. 1993 मध्ये तेथे ड्रेस्डेन ट्रस्ट स्थापन झाला, लोकांनी देणग्या दिल्या, आणि घुमटावरचा सोनेरी गोल व क्रूस आपण द्यायचा असे ठरले. लंडनमधील एका कार्यशाळेत अठराव्या शतकातील घडणीच्या पद्धती वापरून सुमारे आठ मीटर उंचीचे हे काम झाले. ते घडवणाऱ्या कारागिराचे वडील ड्रेस्डेनवरील त्या हल्ल्यात सहभागी झालेले वैमानिक होते. वडिलांनी ज्या शहरावरून बाँबफेकी विमान नेले, त्याच शहराच्या माथ्यासाठी मुलगा तांब्याचा पत्रा ठोकत, त्याला सोन्याचा मुलामा देत बसला होता, हे चित्र माझ्या मनातून जात नाही.

13 फेब्रुवारी 2000 रोजी, हल्ल्याला पंचावन्न वर्षे पूर्ण होत असताना, ब्रिटिश राजघराण्यातील ड्यूक ऑफ केंट यांनी ही भेट ड्रेस्डेनवासीयांच्या स्वाधीन केली. शहर ज्या दिवशी आपले मृत आठवते, नेमक्या त्याच दिवशी भेट घेऊन समोर उभे राहायला देणाऱ्यालाही धैर्य लागले असेल आणि घेणाऱ्यालाही. घुमट तेव्हा अपुरा होता. त्यामुळे क्रूस चार वर्षांहून अधिक काळ जमिनीवरच राहिला आणि 22 जून 2004 रोजी, हजारो लोकांच्या डोळ्यांदेखत, क्रेनने वर चढवला गेला. पुढच्या वर्षी, 30 ऑक्टोबरला, चर्च पुन्हा उपासनेसाठी खुले झाले.

जुना क्रूसही हरवलेला नाही. 1993 मध्ये ढिगारा उपसताना तो वाकलेला, काळवंडलेला असा सापडला. त्याला सरळ केलेले नाही. तो चर्चच्या आत, येणाऱ्याच्या नजरेसमोर उभा आहे, आणि त्याच्या जागी आलेला क्रूस वर उन्हात चमकतो आहे.