घराण्याचे गुण गठ्ठ्याने येत नाहीत

अध्यक्षमहाराज आणि सांगलीकर मंडळी, पत्रिकेत माझा विषय 'गुणसूत्रांचे नकाशे' असा छापलाय. मागच्या रांगेतली काही मंडळी नकाशा म्हटल्यावर मोजणीच्या आशेनं आलेली दिसतात. बसा, बसा. विषय वाटणीचाच आहे.

पण त्याआधी माझी एक जुनी तक्रार आहे. मध्यंतरी विश्रामबागेत नात्यातल्या एका बारशाला गेलो होतो. बाळ पाळण्यात घातलं न घातलं तोच वाटप सुरू. एक मावशी म्हणाल्या, "नाक अगदी आप्पांचं!" इथवर ठीक. दुसऱ्या लगेच म्हणाल्या, "म्हणजे तापटपणाही आला बाई." तिसऱ्यांनी रंग आईच्या माहेरचा ठरवला आणि त्यावरून गणित पक्कं केलं, कारण त्या माहेरी एक मामा इंजिनिअर आहेत. बारा दिवसांचं पोर! अजून मान धरत नाही, आणि त्याचा दहावीचा निकाल लागलासुद्धा. मी पंगतीत हळूच विचारलं, नाकाचा आणि रागाचा संबंध काय? शेजारचे पाहुणे आटपाडीकडचे. वाटीतली बासुंदी संपवून म्हणाले, "सर, तुमचं पुस्तकी. खरसुंडीच्या जत्रेत खोंड घेताना आम्ही शिंगं बघतो, कातडी बघतो, खूर बघतो आणि चाल सांगतो."

आता खिल्लारापुढे बोलायची कुणाची छाती? पण तिथली गोष्ट वेगळी आहे. पिढ्यान्‌पिढ्या शिंगंही निवडली, कातडीही निवडली, चालही निवडली. म्हणून तिन्ही एकाच जनावरात सापडतात. आप्पांच्या नाकाची अशी निवड कुणी केली नव्हती. केली असती तर आप्पींनी केली असती, आणि लग्नाआधी त्यांना नाक दाखवलंच नव्हतं म्हणतात. हसू नका, आप्पी पुढच्याच रांगेत बसल्यात.

तरीही मावश्यांचं सगळंच खोटं नाही, ही या विषयातली गंमत. मेंडेलनं १८६५ साली सांगितलं की वाटाण्याचे गुण एकमेकांपासून स्वतंत्र वाटले जातात. पुढं १९०५ च्या सुमारास बेटसन, सॉन्डर्स आणि पनेट या इंग्रज शास्त्रज्ञांनी गोड वाटाण्याच्या फुलझाडांवर तेच करून पाहिलं, तर हिशोब फसला. जांभळं फूल आणि लांबट परागकण, लाल फूल आणि गोल परागकण, या जोड्या सुटता सुटेनात. ६९५२ झाडांत ४८३१ जांभळी-लांबट, १३३८ लाल-गोल, आणि अदलाबदल झालेली ३९० आणि ३९३. गुण सुटेसुटे वाटले गेले असते, तर मेंडेलच्या ९:३:३:१ या प्रमाणानं ही अदलाबदल झालेली झाडं दोन्हीकडं तेराशेच्या घरात जायला हवी होती. म्हणजे गुण एकत्र येतात, पण कायमचे बांधलेले नसतात. ते ३९० आणि ३९३ कुठून आले, एवढाच खरा प्रश्न.

इथं एक शेपूट जोडतो. मेंडेलचे सात गुण सात वेगळ्या गुणसूत्रांवर, म्हणजे पेशीतल्या सात वेगळ्या धाग्यांवर होते, नशीबवान माणूस, असं वर्गात हमखास सांगतात. तसं नाही. दाण्याचा आकार आणि शेंगेचा रंग ठरवणारी जनुकं, म्हणजे त्या धाग्यावरचे गुणांचे तुकडे, एकाच गुणसूत्रावर आहेत. फक्त लांब लांब आहेत. लांब असली की काय होतं, ते पुढं येईल, अध्यक्षांनी येऊ दिलं तर.

तर बीजपेशी तयार होताना आईकडून आणि वडिलांकडून आलेली गुणसूत्रं जोडीनं शेजारी येतात, तुटतात आणि तुकडे बदलून पुन्हा जुळतात. माणसाच्या एका शुक्राणूत अशी सरासरी पंचविसेक अदलाबदल असते, अंड्यात चाळीसेक. म्हणजे आप्पांचं गुणसूत्र नातवाकडे सहसा अखंड पोचत नाही. मुलाच्या शरीरातच त्यात आप्पींचे तुकडे बसतात आणि मग ते पुढं जातं. बापाकडून लेकाकडं जवळजवळ जसंच्या तसं जातं ते एक वाय गुणसूत्र. कुलदीपकवाल्यांनी फार खूश होऊ नये, चोवीस प्रकारच्या गुणसूत्रांत सगळ्यांत कमी जनुकं त्यावरच आहेत.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. आणि कबूल केलेला नकाशा अजून गुंडाळलेलाच आहे.

न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात मॉर्गन नावाचे शास्त्रज्ञ फळमाश्या पाळत होते. १९१० मध्ये त्यांना पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला. त्यांच्याकडं स्टर्टेव्हंट नावाचा पदवीचा विद्यार्थी होता. १९११ मध्ये मॉर्गनशी बोलता बोलता त्याच्या डोक्यात आलं की अदलाबदलीच्या टक्केवारीतून जनुकांमधलं अंतर काढता येईल. कॉलेजचा अभ्यास बाजूला ठेवून बरीचशी रात्र तो बसला आणि जगातला पहिला जनुकीय नकाशा काढला. १९१३ मध्ये तो छापून आला. सूक्ष्मदर्शकातून जनुक कुणी पाहिलं नव्हतं, नुसती मोजदाद.

युक्ती आपल्या माणसाला एका वाक्यात कळेल. अख्ख्या उसावर डोळे मिटून कुठंही कोयता मारा: शेजारचे दोन डोळे बहुतेक एकाच टिपरीत राहतील, बुडख्याचा आणि वाढ्याकडचा डोळा मात्र हमखास वेगळे होतील. शंभरात एकदा फारकत झाली तर अंतर एक एकक. ब्रिटिश शास्त्रज्ञ हॉल्डेननं त्याला सेंटिमॉर्गन म्हटलं. हेच हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले आणि भुवनेश्वरला वारले, पण ते राहू दे.

आता स्टर्टेव्हंटच्या माश्यांचे आकडे बघा. पांढरा डोळा आणि शेंदरी डोळा यांच्या जनुकांत फारकत २९.७ टक्के. शेंदरी डोळा आणि खुरटे पंख यांच्यात २६.९. बेरीज ५६.६. प्रत्यक्षात पांढरा डोळा आणि खुरटे पंख यांच्यात मोजले तर ४५.२. अकरा कुठं गेले? दोनदा तुटलं की टोकाची दोन्ही जनुकं पुन्हा एकत्र येतात आणि फारकत हिशोबात दिसतच नाही. म्हणून ही टक्केवारी पन्नासच्या वर चढत नाही, आणि फार लांबची जनुकं वेगळ्या गुणसूत्रांवर असल्यासारखी वागतात. मेंडेलच्या वाटाण्याचं उत्तर हे.

घाईनं पुढं. १९३७ मध्ये ज्युलिया बेल आणि हॉल्डेन यांनी हिमोफिलिया, म्हणजे रक्त न गोठण्याचा रोग, आणि रंगांधत्व यांच्या जनुकांची जवळीक घराण्यांच्या नोंदींवरून दाखवली, माणसातली ही पहिली. १९८३ मध्ये व्हेनेझुएलातल्या माराकायबो सरोवराकाठच्या कुटुंबांच्या मदतीनं हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक रोगाचं ठिकाण चौथ्या गुणसूत्रावर सापडलं. खुद्द जनुक हाती यायला १९९३ उजाडलं. नाकाचा आणि तापटपणाचा असा नकाशा कुणी दाखवला तर मी मावश्यांना साडी नेसवीन.

शेवटचं. आपल्या जिल्ह्याची तिन्ही पिकं, ऊस, द्राक्ष, हळद, आपण बी पेरून लावत नाही. टिपरी, काडी, गड्डा. म्हणजे अदलाबदल होऊच देत नाही. आलेला गुणांचा गठ्ठा तसाच ठेवतो. तास-ए-गणेश हे द्राक्ष थॉम्सन या जातीमधून निवडून निघालं, संकर करून नव्हे. पण शहाऐंशी-शून्य-बत्तीस जातीचा ऊस हवा असेल तर कुणाला तरी कोइमतूरला संकरासाठी तुऱ्यावर तुरा धरावाच लागतो आणि हजारो रोपांतून एक उचलावं लागतं. रोग न येणं आणि साखर जास्त असणं ही जनुकं शेजारी आहेत की लांब, यावर ती रोपं किती लागतील हे ठरतं. अध्यक्ष उभे राहिले. द्राक्षवाल्यांनी प्रश्न चहाजवळ विचारावेत.