मोकळ्या रानातली घोडी

(दृश्य : निफाड तालुक्यातलं सोयाबीन निघालेलं रान. कडेला मेंढ्यांचा वाडा, बांधालगत घोडी चरताना.)

सोयाबीन निघालं, बाजरी खळ्यावर गेली, की निफाड-सिन्नरकडची रानं मोकळी होतात आणि मेंढपाळांचे वाडे, म्हणजे कळप-संसारासकट मुक्काम, उतरायला लागतात. शेतकऱ्याला लेंडीखत हवं असतं, मेंढपाळाला चारा. मेंढ्यांच्या मागोमाग येतात ती घोडी. सगळा संसार त्यांच्या पाठीवर असतो : भांडीकुंडी, पाल, बाज, खुराड्यातल्या कोंबड्या, चालून दमलेली कोकरं. मुक्काम पडला, ओझी उतरली, की घोडी चरायला सुटतात. यातली बरीचशी भीमथडी वळणाची, अंगानं लहान आणि पायांनी चिवट. भीमथडीची आता देशी घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंदही झाली आहे.

त्याच बांधावरून शाळेची मुलं जातात. द्राक्षबागेत कामाला निघालेल्या बाया जातात. रविवारी नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला आलेले नाशिककर गळ्यात दुर्बीण अडकवून इकडे वाट चुकतात. यातल्या बहुतेकांना बैल कळतो, म्हैस कळते. घोडा भेटतो तो वरातीत, आणि तिथे त्याचा लगाम दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असतो. म्हणून ही चित्रफीत : रानात घोडं भेटलं तर कसं वागावं.

(दृश्य : घोडीचा डोळा, अगदी जवळून. पापणीवर बसलेली माशी.)

साहेबाच्या पुढून आणि घोड्याच्या मागून जाऊ नये, असं आपल्याकडे म्हणतात. साहेबाचं ज्याचं त्यानं बघावं. घोड्याबद्दल मात्र ही म्हण अर्धंच सांगते.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मान न वळवता त्याला जवळपास ३५० अंशांतलं दिसतं. दिसत नाहीत अशा जागा दोन. एक थेट शेपटीमागे, दुसरी कपाळाच्या अगदी पुढ्यात आणि नाकाखाली. सरळ समोरून जाऊन कपाळावर हात ठेवायला गेलात, तर तो हात नेमका शेवटच्या वीतभर अंतरात त्याला दिसेनासा होतो. मग तो मान झटकतो. त्या एका झटक्यात माणसाचं नाक फुटतं, आणि घोड्याच्या मनात वाईट काहीच नसतं.

म्हणून तिरकं जावं, खांद्याच्या रोखानं. शक्यतो डाव्या बाजूनं, कारण खोगीर असो की ओझं, बहुतेक घोड्यांवर ते डावीकडूनच चढवतात आणि त्या बाजूच्या माणसाची त्यांना सवय असते. जाताना बोलत जावं. आज लासलगावला कांदा काय भावानं गेला, हे सांगितलंत तरी चालेल. आवाज सारखा आणि शांत हवा.

पण मुळात अनोळखी घोड्याजवळ जायचंच कशाला? पलीकडे जायचं एवढंच काम असेल, तर दोन घोडी मागेपुढे उभी राहतील एवढं अंतर राखून वळसा घ्यावा. पाच मीटर धरा. मागच्या पायाची लाथ एवढी लांब पोहोचत नाही. लाथ मागेच जाते असंही समजू नका, ती बाजूलाही बसते. पाच-सहा वर्षांच्या मुलाचं डोकं नेमकं त्या खुराच्या उंचीला येतं, म्हणून मूल बरोबर असेल तर त्याचा हात आपल्या हातात.

(दृश्य : दुपार. बाभळीखाली उभं घोडं, खालचा ओठ लोंबलेला.)

हे झोपलं आहे. घोडा उभ्या उभ्या डुलकी काढतो. ओठ सैल, कान दोन बाजूंना पडलेले, मागचा एक पाय खुराच्या टोकावर टेकलेला. डोळे अर्धवट उघडे असतात, त्यामुळे आपल्याला वाटतं की बघतोय. अशा वेळी मागून येऊन पाठीवर थाप मारणं म्हणजे लाथेला निमंत्रण. लांबूनच हाक द्या. कान हलला, मान वळली, की त्याला तुमची खबर लागली.

कानांकडे लक्ष ठेवायची सवय मोठी कामाची. कान पुढे टवकारलेले असले, तर त्याचं लक्ष समोरच्या कशाकडे तरी आहे. एक कान तुमच्या दिशेला वळला, तर तुम्ही त्याच्या हिशेबात आहात. दोन्ही कान मागे मानेला चिकटले, नाकपुड्या आवळल्या, शेपटी सपासप फिरायला लागली, की तिथून निघायचं. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांच्या कानांची टोकं आत वळलेली असतात. येवल्याच्या मंगळवारच्या घोडेबाजारात अशा कानांवरून सौदे अडतात. ते कानसुद्धा चिडल्यावर मागेच पडतात, वाचायला अडचण येत नाही.

(दृश्य : घोडीचे पुढचे पाय. दोराचा पायबंद.)

आता हे नीट पाहा. पुढचे दोन पाय दोरानं एकमेकांना बांधले आहेत, मध्ये थोडी ढील सोडून. घोडी चालते तीही पुढचे दोन्ही पाय एकदम उचलून, ठुमकत ठुमकत. चरता चरता लांब जाऊ नये म्हणून मेंढपाळ असं करतात. बघणाऱ्याला वाटतं, बांधलेलं जनावर आहे, काय करणार. मागचे पाय मोकळे आहेत की! दुगाण्या झाडतात त्या मागच्याच पायांनी. शिवाय धोका वाटला की पळायचं, हा घोड्याचा पहिला स्वभाव. पायबंदामुळे तो पळू शकत नाही, मग घाबरलेल्या घोडीकडे लाथ हा एकच उपाय उरतो. आमच्या मते पायबंद घातलेल्या घोड्यापासून सुट्या घोड्यापेक्षाही थोडं जास्त लांब राहावं.

लांब दोरानं खुंटीला बांधलेलं असेल, तर त्या दोराच्या घेऱ्यात पाय टाकू नका. घोडं बिथरलं की दोर जमिनीला घासत ताणला जातो आणि मध्ये आलेल्या माणसाला आडवा करतो. सुटलेला दोर हाती लागला तर हाताला गुंडाळायचा नाही, कधीच नाही.

शिंगरू दिसलं तर त्याच्या आणि आईच्या मधून जाऊ नये. एवढं आपल्याला गाईम्हशींनी शिकवलेलंच आहे.

(दृश्य : रस्त्याकडेला थांबलेली गाडी. खिडकीतून बाहेर आलेला हात, हातात पोळी.)

खाऊ घालायची हौस मात्र आवरत नाही. पोळी, ब्रेड, आणि नाशिक असल्यानं कांदा. कांदा घोड्याला विषारी आहे. त्यातल्या द्रव्यांनी रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. घोड्याला उलटीही करता येत नाही, जठराच्या तोंडाची झडप एकाच दिशेला उघडते. चुकीचं खाणं पोटात गेलं की पोटशूळ उठतो आणि त्यात घोडं दगावतंही. प्रेमानं दिलेल्या त्या घासाची किंमत एका मेंढपाळाला अख्खं ओझ्याचं जनावर गमावून मोजावी लागू शकते.

यात माणसालाही धोका आहे. एका घोड्याला दिलंत की बाकीची येतात. त्यांच्यात आधी कोण, मग कोण हे ठरलेलं असतं, आणि ते पुन्हा ठरवायला चावे आणि लाथा निघतात. तुम्ही तेव्हा बरोबर मध्ये उभे असता, हातात पोळी घेऊन. दोन घोड्यांच्या मध्ये उभं राहू नये, हा नियम एरवीही पाळावा.

कुत्रा बरोबर असेल तर पट्ट्यात ठेवा. घोडं कुत्र्याच्या मागे लागलंच, तर पट्टा सोडून द्या. कुत्रा निसटतो, पट्टा धरून राहिलेला माणूस सापडतो.

छत्री फटकन उघडणं, द्राक्षबागेवरचं फडफडणारं प्लॅस्टिक, ड्रोनची घरघर, यांनीही घोडी उधळतात. या चित्रफितीत आकाशातून घेतलेलं एकही दृश्य नाही, ते त्यामुळेच.

(दृश्य : मोकळ्या रानात दौडत येणारी घोडी. धूळ.)

आणि समजा, चौखूर उधळलेली घोडी तुमच्याच दिशेनं आली. पळू नका. त्यांच्यापुढे पळून कुणी सुटत नाही. बहुतेक वेळा ती तुमच्यावर येत नसतात, कशापासून तरी दूर जात असतात आणि तुम्ही वाटेत असता. झाड, विजेचा खांब, ट्रॅक्टरची ट्रॉली, जे जवळ असेल त्याच्या आड व्हा. काहीच नसेल तर त्यांच्याकडे तोंड करून स्थिर उभे राहा, हात दोन्हीकडे पसरा, मोठ्यानं ‘हो, हो’ म्हणा. ठळक, न हलणारा माणूस दिसला की घोडा सहसा बाजूनं निघून जातो. त्याला निघायला जागा मात्र हवी. तारेच्या कुंपणाच्या कोपऱ्यात किंवा विहिरीच्या काठाशी त्याला कोंडायचं धाडस करू नका.

वाटेतच घोडी उभी असेल तर वाड्याकडे तोंड करून हाक मारावी : ‘ओ मामा, घोडी जरा बाजूला घेता का?’ मेंढपाळ ती एका शिट्टीत घेतो. असं विचारल्याचा राग येत नाही कुणाला. राग येतो तो न विचारता घोड्यासोबत सेल्फी काढणाऱ्यांचा.

लाथ बसलीच, तर वरून जखम दिसत नाही म्हणून घरी बसू नये. पोटावर किंवा छातीवर बसलेल्या लाथेनं आत रक्तस्राव होऊ शकतो, डोक्यावरच्या माराचंही तसंच. थेट दवाखाना गाठावा. चावा असेल तर साबणानं, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारावं. पिसाळलेला कुत्रा चावलेल्या घोड्याला रेबीज होऊ शकतो, तेव्हा त्याबद्दलही विचारावं.

घोडंच जखमी दिसलं तर पशुवैद्यकीय मदतीचा क्रमांक १९६२. महामार्गावर सुटं आलेलं असेल तर ११२. हॉर्न वाजवत त्याच्या मागे गाडी घालू नका, ते आणखी पुढे रस्त्यावरच पळत राहील. आणि मालकालाही कळवा. त्याला शोधणं अवघड नसतं, वाडा कुणाच्या रानात उतरलाय हे गावातल्या चहाच्या टपरीवर ठाऊक असतं.