अभंग एकच

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय प्रेझेंटेशन, आणि माझ्याकडे पडदा नाही, स्लाइड नाही, तुम्ही तर दिसतही नाही. चालायचंच. आपल्याकडचे कीर्तनकार तरी कुठे पडदा लावत होते?

नारदीय कीर्तनाला बसलेल्यांना हे माहीत असेल. नमन झालं की बुवा मूळ पद घेतात. पूर्वरंगात त्याच अभंगाचं निरूपण. मध्ये नामाचा गजर, बुक्का लागतो, बुवांना हार पडतो. मग उत्तररंग, म्हणजे तीच गोष्ट आता आख्यानातून, आणि शेवटी गाडी पुन्हा मूळ पदावर. दीड-दोन तास, पण अभंग एकच! माझी आजी घरी येताना तो गुणगुणत यायची. आमच्या बैठकांतून बाहेर पडणारा माणूस फार तर चहा कसा होता ते सांगतो.

मी स्वतः काही वेगळं करत नव्हतो. एका गावात माती परीक्षणावर बोलायला गेलो, बत्तीस स्लाइड घेऊन. नत्र, स्फुरद, पालाश, सामू, सेंद्रिय कर्ब, सगळं होतं. लोकांकडे पाठ करून मी पडदा वाचत होतो. संपल्यावर पुढच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, "सायेब, समदं खरं. पर माती घ्यायची कुठली, बांधाकडची का मधली?" उत्तर नवव्या स्लाइडवर होतं.

पुढच्या गावी फक्त फावडं, घमेलं आणि एक स्वच्छ गोणपाट नेलं. शेतातच इंग्रजी व्हीच्या आकाराचा, वीतभर खोल खड्डा घेतला, त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडली. अशाच सात-आठ ठिकाणच्या मातीचा ढीग केला, चार भाग पाडले, समोरासमोरचे दोन टाकून दिले. पुन्हा चार भाग. अर्धा किलो उरेपर्यंत. एका पोराने मदत म्हणून खताची रिकामी गोणी पुढे केली, तर मी तोंड उघडायच्या आत मागून एक बाई ओरडल्या, "अरं, त्यात खत हाय, मातीचा हिशेब चुकंल!" माझ्या बत्तीस स्लाइडांनी हे कुणाच्या तोंडून वदवलं नसतं.

लोकांकडून वदवून घेण्यात गाडगेबाबांचा हात धरणारा नाही. वऱ्हाडी बोलीत प्रश्न टाकायचे, समोरची गर्दी उत्तर द्यायची, त्यातूनच पुढचा प्रश्न निघायचा. 1956 साली, त्यांच्या अखेरच्या दिवसांत, वांद्र्याला झालेल्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं. कर्ज काढून सण करू नका, मुलांना शिकवा, मुद्दे मोजकेच. आणि ही तयारी कुठे व्हायची? दिवसभर खराटा घेऊन ते गाव झाडायचे. रात्री कीर्तनाला उभे राहताना त्या गावाची घाण कुठे साचते, हे त्यांना गावकऱ्यांपेक्षा जास्त ठाऊक असायचं. आपण निदान अर्धा तास आधी जाऊन येणाऱ्या चार लोकांशी बोलावं. माझं अर्धं भाषण तिथेच बदलतं.

प्रश्न विचारल्यावर थांबणं मात्र मला अजून जमत नाही. तीन सेकंद शांतता झाली की माझंच तोंड उघडतं आणि उत्तर सांगून मोकळा होतो. इथे स्टुडिओत तर सोयच नाही. जरा गप्प झालो की काचेपलीकडचे ध्वनिमुद्रणवाले दचकून माझ्याकडे बघतात. आत्ताही बघतायत.